शाळेत सांगू नका

"नाही सांगणार," असं सुकन्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग ते तिला ऐकू आलं. आवाज तिचाच होता. वॉर्डात रडवेल्या आयांशी बोलताना लागतो तो मऊ, धीराचा आवाज. इतका सवयीचा की त्याला आत कुणाला विचारावंही लागत नाही. समोर नकाब वर सारलेली एक तरणी बाई हात जोडून उभी होती आणि तिच्या कमरेला मिठी मारून आठ-नऊ वर्षांची मुलगी जड झालेले डोळे मिटत-उघडत होती. मुलीचा शाळेचा स्कर्ट मागून ओला झाला होता आणि आईनं घरून आणलेली ओढणी त्यावरून गुंडाळली होती. हिंगोली गेटच्या पुलाजवळ सकाळच्या गर्दीत गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. बाईनं जोडलेले हात खाली घेतले, मुलीला रिक्षात बसवलं आणि रिक्षा वळून देगलूर नाक्याकडे गेली. सुकन्या ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गुडघ्यांपाशी साडीला धूळ लागली होती. ती झटकत असताना तिला पहिल्यांदा राग आला, आणि कुणाचा आला ते काही कळेना.

घडलं ते एवढंच. इस्पितळाकडे जाणारी तिची शेअर रिक्षा पुलाजवळ अडकली, कारण पुढे शाळेची व्हॅन आडवी थांबली होती. व्हॅनच्या सीटवर ही मुलगी ताठ होऊन झटके देत होती. बाकीची पोरं एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती. ड्रायव्हरनं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली होती, आणि खिडकीतून हात घालून कुणीतरी दातांत किल्ली घालायला सांगत होतं. "सरका, मी सिस्टर आहे," एवढं म्हटल्यावर माणसं सरकली. तिनं चप्पल बाजूला केली, किल्ली मागे सारली, मुलीला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, डोक्याखाली दप्तर दिलं आणि वाट पाहिली. झटका थांबला. मुलगी घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. ड्रायव्हर साहेबराव, पिकल्या मिशांचा दांडगा माणूस, घामानं डबडबला होता. "म्याडम, मागं बी एकदा असंच झालतं. मम्मी म्हणल्या पित्त हाय," तो म्हणाला. त्यानं फोन केला होता, त्यामुळे आई लगेच आली. तिनंही आधी पित्तच म्हटलं. सकाळी पोरीनं काही खाल्लं नाही, चक्कर आली. सुकन्यानं हळूच विचारलं, "गोळी चालू आहे ना?" बाईनं ड्रायव्हरकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "चालू हाय." आणि लगेच हात जोडून, "शाळेत सांगू नका, सिस्टर. इत्ती मेहरबानी करो." त्यावर सुकन्याचं ते उत्तर.

त्या दिवशी नव्या नर्सेसना शिकवायचं होतं. लातूरहून बदली होऊन आल्यापासून लहान मुलांच्या वॉर्डातलं शिकवणं तिच्याकडेच होतं, आणि योगायोग म्हणावा तर विषय हाच होता: झटके येणारं मूल. कोपऱ्यातल्या खोलीत पंखा करकरत होता. सगळ्यांना सगळं पाठ होतं. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. झटका लांबला तर औषधाचा फवारा नाकात द्यायचा. गोळी मनानं बंद करायची नाही. शाळेतल्या प्रार्थनेसारखं सुरात म्हणून दाखवलं सगळ्यांनी. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, लाळेतून तर लागत नाही ना, आणि दोघी-तिघी हसल्या, पण उत्तर ऐकायला सगळ्याच थांबल्या. सुकन्या म्हणाली, "नाही. अजिबात नाही." तिला वाटलं, आत्ता सुरात म्हणाल्या त्या याच का? धम्मानंद नावाचा एक ब्रदर होता, मुदखेडकडचा, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "सिस्टर, हे समदं येतं आमाला. पण पोरीची आई म्हणती, गावात कळलं तर हिचं लगीन तुमी लावून देणार का? तिला काय सांगायचं?" सुकन्या म्हणाली, "तिला सांगायचं की लपवू नका. लपवल्यानं मुलाच्या जिवाला धोका होतो." त्यानं मान डोलावली. वाक्य बरोबर होतं, पुस्तकातही असंच आहे. पण ते तोंडातून बाहेर पडताना जिभेला कुठेतरी खडा लागावा तसं झालं, आणि पुढचं शिकवणं तिनं भराभर उरकलं.

कारण जोडलेले हात तिनं त्याआधी एकदा पाहिले होते, फार खालून, आडवं पडून. उदगीरला. भूकंप झाला त्या वर्षी ती सहा वर्षांची होती. उदगीरला घरं पडली नाहीत, भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या. किल्लारीकडचं ऐकून माणसं कितीतरी दिवस अंगणात निजत होती. त्यानंतर हिवाळ्यात कधीतरी ती शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली. पडलेलं तिला आठवत नाही, ते आठवतच नसतं. तेवढा वेळ आपल्या वाट्याचं दुसरंच कुणीतरी जगून टाकतं. आठवतं ते नंतरचं. आधी कान उघडायचे. मग तोंडात रक्ताची चव. मग पायांत ओलं, आधी ऊबदार आणि हळूहळू गार होत जाणारं. मग तोंडं, गोल, वरून वाकलेली, मध्ये आभाळाचा एक तुकडा. आणि त्या प्रत्येक तोंडावर एकच भाव, की ही आता आपली राहिली नाही. जीभ वळायची नाही. नाव विचारलं तर आपलं नाव लांबून चालत येतंय असं वाटायचं. तेवढ्यात अव्वा, तिची आई, आली होती धावत, भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी, आणि ते हात जोडून मास्तरांना म्हणाली होती, "भूकंपाला भ्याली हो पोर. दुसरं काही नाही." मास्तरांनी लगेच मान्य केलं. त्या वर्षी सगळेच भ्यालेले होते. मिरगी म्हटलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली असती. भूकंप मात्र इज्जतीचा होता, त्यात कुणाचा दोष नव्हता.

भूकंपानंतर लातुरात बाहेरगावचे डॉक्टर आले होते, त्यांतल्या एकानं नीट पाहून गोळी लिहून दिली. अव्वा ती रोज गुळात चुरून द्यायची. आधी कपाळाला विभूती, मग गोळी. विभूतीवर तिची श्रद्धा होती आणि गोळीवर भरवसा. दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही. गोळी कडू असायची, गूळ संपला तरी कडूपण टाळ्याला चिकटून राहायचं, आणि शाळेत दुपारी आवंढा गिळताना ते वर यायचं तेव्हा सुकन्याला वाटायचं की शेजारणीला वास येत असणार. हळूहळू झटके थांबले. दहावीच्या आधी डॉक्टरांनी गोळीही कमी करत करत बंद केली. त्या दिवशी अव्वानं देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, "सुकन्या, झालं. हे आता इथंच पुरलं." नर्सिंगला जाताना पुरलेलं उकरायचा प्रश्न आला नाही. लग्नात तर नाहीच. अप्पा लवकर गेले होते, आणि दोन वर्षांपूर्वी अव्वा गेल्यावर ही गोष्ट माहीत असणारं जगात दुसरं कुणी उरलं नाही. अव्वाच्या मातीला सगळे रडत होते तेव्हा सुकन्याच्या मनात येऊन गेलं होतं की आता आपण सुटलो, आणि लगेच, की आता आपण एकट्या राहिलो. दोन्ही खरं होतं. दोन्ही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

लातूरला तिच्या नणंदेचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाला लहानपणी फीट यायची असं कुणीतरी आडून सांगितलं आणि बोलणी मोडली. सासूबाई, गौरम्मा, तशा मायेच्या; सुकन्याला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. त्या चुलीशेजारी बसून म्हणाल्या, "बरं झालं बाई आधीच कळलं. न्हाईतर जन्माचं गळ्यात." सुकन्या भाकरी थापत होती. भाकरी फाटली नाही, हात चुकला नाही, तिनं ती अलगद उचलून तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. इतक्या वर्षांनी, नांदेडच्या भाड्याच्या खोलीत एकटीसाठी भाकरी थापताना, तिला आता त्या न चुकलेल्या हाताचा राग येत होता. चुकायला काय झालं होतं? एखादी भाकरी फाटली असती. आणि शिवांश, तिचा मुलगा, तान्हा असताना त्याला ताप आला की ती रात्रभर त्याच्या डोळ्यांकडे पाहत बसायची. सोमेश, तिचा नवरा, म्हणायचा, नर्स बायको केली की हा त्रास, साध्या तापाला आयसीयू करते. ती हसायची.

रोज सकाळी पुलाजवळ व्हॅन दिसू लागली. आधीही दिसत असणार, आता दिसायचीच. खिडकीत ती मुलगी कधी असायची, कधी नसायची. एकदा सिग्नलला साहेबरावानं तिला ओळखून हात केला आणि खिडकीतून ओरडून म्हणाला, "म्याडम, बरी हाय तुमची पेशंट! येत्या रविवारी सहल हाय पोरांची, सहस्रकुंडाला. लई खुश हाय." रिक्षा सुटली. सहस्रकुंड. पैनगंगेचं पाणी, ओले काळे दगड, रांगेत हात धरून चाललेली पोरं आणि दोन-तीन बाई, ज्यांना काही ठाऊक नाही. त्या दिवशी सुकन्यानं वॉर्डात एका बाळाच्या सलाईनला दोनदा हात लावला आणि दोनदा काढला. शाळेला एक फोन केला की झालं, असं तिला वाटे. लगेच वाटे, शब्द दिलाय. लगेच, असला शब्द द्यायला तुला कुणी सांगितलं होतं? संध्याकाळी पुलाजवळ थांबून तिनं रिकाम्या व्हॅनमधून परतणाऱ्या साहेबरावाला गाठलं, पत्ता घेतला आणि साडी न बदलता तशीच देगलूर नाक्यामागच्या गल्लीत गेली.

घर दोन खोल्यांचं, बाहेर ओट्यावर उघडे पडलेले कूलर, मोटारी, जाळ्या. मुलीचा बाप गुलाम रसूल कूलर दुरुस्त करायचा, आत्ता कामावर गेला होता. मुलीचं नाव नाझनीन. आईचं नाव सबिहा. पांढरी साडी दारात पाहून सबिहाचा चेहरा उतरला, पण तिनं खुर्ची पुसली, पाणी दिलं, चहा ठेवला. सुकन्या बोलू लागली, तेच, वॉर्डातल्या आवाजात. हा मेंदूचा आजार आहे, बाहेरचं काही नाही. गोळी चुकवायची नाही. शाळेला माहीत असलं पाहिजे, म्हणजे वेळ आली तर तिथल्या बाई योग्य ते करतील. सबिहानं मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप पुढे करत म्हणाली, "सिस्टर, मला समदं माहीत हाय. भूत-बीत आमी मानत नाही. गोळी एक दिवस चुकू दिली नाही मी. मोबाइलमध्ये व्हिडिओ पाहिले. तुमी सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त माहीत हाय."

सुकन्यानं कप घेऊन बाजूला ठेवला. "मग शाळेत का नाही सांगत?"

"सांगितलं होतं ना. पहिल्या शाळेत. मीच गेले सांगायला, तुमच्यासारख्या एका सिस्टरनीच शिकवलं होतं, लपवू नका म्हणून." सबिहा जमिनीवर बसली होती, बोटानं फरशीवरची एक रेघ पुन्हा पुन्हा ओढत होती. "तर हिला एकटीला मागे बसवलं. खेळाच्या तासाला वर्गात कोंडायचे, पडंल म्हणून. दुसऱ्या पोरांच्या आया शाळेत आल्या, आमची पोरं भितात म्हणून. मग मोठ्या बाईंनी बोलावलं. म्हणे, तुमच्या पोरीची जिम्मेदारी आमी नाही घेऊ शकत. दाखला हातात दिला. नाझनीनला वाटलं तिनं काही चोरी केली." ती थांबली. "आता बोला. कुणाला सांगू?"

सुकन्याच्या शिकवण्यात हे येत नव्हतं. तिथे आई अडाणी असायची, तिला समजावलं की ती समजायची आणि मूल सुखी व्हायचं. समजलेल्या आईचं काय करायचं हे कुठेच दिलेलं नव्हतं. तिला त्या न पाहिलेल्या मोठ्या बाईंचा राग आला, मागच्या बाकावर हसलेल्या नर्सेसचा आला, आणि या बाईचाही आला, जी शांतपणे चहा गार होऊ देत होती. "पण पाणी आहे तिथे," ती म्हणाली, आणि तिला ऐकू आलं की आपला मऊ आवाज गेला आहे. "सहस्रकुंडाला पाणी आहे, सबिहा. कुणाला ठाऊक नसताना तिथे पडली तर?"

"तुमच्या घरात असतं तर तुमी सांगितलं असतं?" सबिहानं वर पाहिलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

"माझ्यातच होतं," सुकन्या म्हणाली.

इतकी वर्षं तिनं या वाक्याची भीती बाळगली होती. ते म्हटलं की काहीतरी कोसळेल असं तिला वाटायचं. काही कोसळलं नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू केली. सबिहाच्या चेहऱ्यावर थकलेलं, जवळजवळ मायेचं हसू आलं. "सिस्टर," ती म्हणाली, "दिल रखने को बोलताय तुमी. मला कळतं. पहिला डॉक्टर पण म्हणाला होता, माझ्या भावाला होतं, आता इंजिनीयर हाय म्हणून. तुमाला तसं बोलायला शिकवत असतील. चांगलं हाय. बरं वाटतं ऐकून." सुकन्याला हसावं की ओरडावं कळेना. जन्मभर झाकलेली गोष्ट तिनं उघडून समोर ठेवली होती आणि समोरच्या बाईनं तिच्यावर पुन्हा फडकं टाकलं होतं, प्रेमानं. पांढऱ्या साडीतून बोललेलं काहीच आपलं राहत नाही. सगळं औषध होतं.

"पडायच्या आधी तुमच्या पोटात काय व्हायचं?"

आतल्या दारात नाझनीन उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. वेणी सुटलेली, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. तिनं हे परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. सुकन्यानं सबिहाकडे पाहिलं नाही. ती आठवू लागली. आठवायला फार लांब जावं लागलं नाही. "खालून काहीतरी वर यायचं," ती म्हणाली. "रहाटपाळणा वरून खाली येताना येतं ना, तसं. पण आपण तर जमिनीवरच असतो. आणि काहीतरी जळल्याचा वास यायचा, दुसऱ्या कुणालाच न येणारा."

नाझनीननं विचार केला. "वास नाही येत मला," ती म्हणाली. "बाकी तसंच. गळ्यापर्यंत येतं, मग काय माहीत नाही." मग आईकडे वळून, "अम्मी, खरं बोलून राहिल्या ह्या."

सबिहाचं बोट फरशीवर थांबलं. "पोटात येतं? कधी बोलली नाहीस."

मुलीनं खांदे उडवले आणि बिस्किट खाल्लं. सुकन्या खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उकिडवी बसली. "तसं यायला लागलं की थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. जिथे असशील तिथे खाली बसायचं, भिंत असेल तर भिंतीशी. मी तशीच बसायचे. बसलेलं माणूस फार खाली पडत नाही." नाझनीननं लगेच बसून दाखवलं, भिंतीला पाठ लावून, आणि हसली. तिचा वरचा एक दात नुकताच येत होता. हे कुठल्याच पुस्तकात सुकन्यानं वाचलं नव्हतं, कुणाला शिकवलंही नव्हतं. इतकी वर्षं वॉर्डात काढून तिनं एकाही मुलाला विचारलं नव्हतं की तुझ्या पोटात काय होतं.

सबिहा उठली. तिनं गार झालेला चहा आत नेला, बराच वेळ आत होती, आणि बाहेर आली तेव्हा तिनं ठरवलं होतं. "सहलीला नाही पाठवत मी हिला," ती म्हणाली. "ताप आला म्हणून सांगते. तुमी म्हणताय ते बरोबर हाय, पाणी हाय तिथं."

"मी असं नव्हते म्हणत," सुकन्या म्हणाली. "शाळेत सांगितलं तर एखाद्या बाई तिच्याजवळ..."

"शाळेत नाही."

नाझनीन भिंतीला टेकून तशीच बसली होती. रडली नाही. तिनं फक्त सुकन्याकडे पाहिलं, आणि ती नजर सुकन्याला सहन झाली नाही. आपण या पोरीसाठी एक दार उघडायला आलो आणि तिचं होतं तेही लावून चाललो. निघताना तिनं आपला फोन नंबर लिहून दिला आणि दारातच सबिहाला विचारलं, निदान व्हॅनवाल्याला सांगू का, तो तर पाहतोच आहे. सबिहानं बाहेर गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याला सांगा. फक्त त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या सावलीत, पोरं भरायच्या आधी, तिनं साहेबरावाला शिकवलं. सीटवर त्यालाच आडवं पडायला लावलं आणि कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवलं. त्याचं ओझं तिला पेलेना, तो हसत होता. किती वेळ वाट पाहायची आणि मग गाडी सरळ इस्पितळाकडे कधी घ्यायची, ते त्यानं दोनदा विचारून घेतलं. उठून बसल्यावर तो म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

"मंग हे आमाला आजवर कुणी का न्हाई सांगितलं, म्याडम? मी चपला लावून राहिलो पोरीच्या नाकाला." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. इतकं सोपं होतं ते. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या शिकवण्याइतकं. मग अवघड होतं ते काय, आणि ते कुणाला कधी शिकवायचं?

रविवारी ती सोमेश आणि शिवांशकडे जायला लातूरच्या बसमध्ये बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीबाहेर तुरीची रानं उन्हात उभी होती. आत्ता पोरं धबधब्यापाशी पोचली असतील, ओरडत असतील. नाझनीन घरात खोट्या तापात निजली असेल. तेवढ्यात फोन वाजला, सबिहाचा. सुकन्यानं घाईनं तो कानाला लावला. पण सबिहा म्हणाली, "सिस्टर, काही झालं नाही. एक विचारायचं होतं. पोटात येतं तेव्हा बसायचं म्हणाला होता. बसल्यावर डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे? ही विचारून राहिली." सुकन्या म्हणाली, "तिला जसं बरं वाटेल तसं. मी मिटायचे." पलीकडे ते मुलीला सांगितलेलं ऐकू आलं: मिटायच्या म्हणे सिस्टर. फोन बंद झाला. सुकन्यानं तो मांडीवर ठेवला. तिकडे नांदेडात, एका दोन खोल्यांच्या घरात, दोन माणसं आता तिच्याविषयी असं बोलत होती जसं तिच्या स्वतःच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बस घाटाच्या उतारावर आली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण आज सांगणार आहोत. ठरवलं असं काही नव्हतं. भूक लागल्यासारखं ते आत होतं.

गंजगोलाईत सोमेशचं भांड्यांचं दुकान. दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला. शिवांश गौरम्मांबरोबर उदगीरला कुणाकडे तरी जेवायला गेला होता, ते बरंच झालं. सोमेश स्टुलावर बसून कुकरच्या झाकणांना कागद गुंडाळत होता. तिला पाहून म्हणाला, "घरी न जाता इकडं?" ती पातेल्यांच्या उतरंडीशेजारी बसली आणि तिनं सांगून टाकलं. शाळा, गोळी, अव्वा, दहावी. फार वेळ लागला नाही. वाटलं होतं त्यापेक्षा गोष्ट लहान निघाली. सोमेशनं झाकण खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरझर गेलं, आणि त्यानं विचारलं, "शिवांशला तर नाही ना होणार?"

"बहुतेक वेळा मुलांत येत नाही," सुकन्या म्हणाली. "थोडी शक्यता असते, पण अगदी थोडी. आणि तो आता मोठा झालाय, इतक्या वर्षांत काही..." आणि तिला तो ऐकू आला. तो मऊ आवाज. ती आपल्या नवऱ्याला वॉर्डातल्या बापासारखं समजावत होती, आणि तो वॉर्डातल्या बापासारखी मान हलवत होता. अचानक तिच्या डोळ्यांपुढचं पितळ, स्टील, सगळी चकाकी एक झाली. "आधी मला विचार," ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या दुकानातल्या माणसानं वर पाहिलं. "शिवांशचं नंतर. आधी माझं विचार."

"काय विचारू?" सोमेश गोंधळून म्हणाला.

तेही तिला ठाऊक नव्हतं. एक बाई कुकरची शिट्टी घ्यायला आली होती, पायरीवर उभी होती. सोमेशनं तिला हातानंच थांबवलं, मग म्हणाला, "मावशी, थोड्या वेळानं या." बाई गेली. तो स्टूल ओढून सुकन्याच्या जवळ आला. रागावला होता, दुखावला होता, ते दिसत होतं. इतक्या वर्षांचा हिशेब तो मनात करत होता तेही दिसत होतं. पण तिच्याकडे पाहत त्यानं विचारलं, "भीती वाटायची का गं तुला? पडायची?"

"पडायची नाही," सुकन्या म्हणाली. "पडलेलं तर कळायचंच नाही." तिचा आवाज तिला ओळखू येईना, जाड, कोरडा, एखाद्या लहान मुलीचा असावा तसा. "शुद्धीवर यायची वाटायची."